झोपेत उचललेली

कस्तुरा झोपताना डाव्या हाताच्या करंगळीला पदराचं टोक गुंडाळत असे. तीन वेढे. चौथा कधी घेतला नाही, दोनावर कधी थांबली नाही. वेढे झाले की मूठ मिटायची आणि ती मिटलेली मूठ उशीखाली जायची. लग्नाआधी पदर नव्हता तेव्हा परकराची नाडी असायची, त्याच्याही आधी गोधडीचा निघालेला दोरा. विमलबाई आपल्या लेकीची ही सवय एकोणीस वर्षं बघत आल्या होत्या आणि त्याबद्दल कुणाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. कुणी नखं खातं, कुणी झोपेत दात खातं, तसंच हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

मार्चातला रविवार होता. कस्तुरा रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आली होती. पोरीला न्हाऊ घालून, सगळ्यांच्या भाकरी थापून, जेवण आवरून ती आता आतल्या खोलीत आडवी झाली होती. शेजारी साडेतीन वर्षांची मृदुला पालथी झोपली होती. विमलबाईंनी दार ओढून घेतलं, कडी वाजू दिली नाही, आणि सोप्यात येऊन बसल्या.

सोप्यात सगळे जमले होते. बाजेवर थोरले दीर अर्जुनराव. त्यांच्या आकुर्डीच्या वस्तीवर कारखान्याची भिंत उभी राहिल्यापासून ते धोतरावर टेरिलीनचा सदरा घालत आणि दर थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ बघत. खांबाला टेकून त्यांच्या बायको, गोजाबाई. विमलबाईंचे यजमान सोपानराव सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन फोडत होते, खात मात्र नव्हते. थोरला मुलगा मुकुंद खिडकीच्या फळीवर बसला होता आणि त्याची बायको पद्मा चहाचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"चार वाजता उद्धवराव येत्यात," अर्जुनराव म्हणाले. "संगं त्येची भन. सुपारी फोडून मोकळं व्हायचं. जावई जाऊन चौदा महिने झाले. ही पोरगी 'बघू' म्हणती. अजून किती दिस बघणार?"

"चाकणला आडत हाय म्हणं कांद्याची," सोपानराव म्हणाले.

"आडत हाय, दोन मजली घर हाय, दोन पोरं हायती बिनआईची. बायको जाऊन वरीस झालं. आणिक काय पायजे?"

"आणि मृदुला?" पद्मानं विचारलं.

अर्जुनरावांनी तिच्याकडे न बघता मुकुंदाकडे बघितलं. घरातल्या सुनेला उत्तर द्यायचं झालं तर ते नेहमी पुतण्याच्या तोंडाकडे बघून देत. "मागलं काई नको म्हणलाय उद्धवराव. त्येचं बी खरं हाय. दोन हायती, त्यात तिसरं परकं कशाला? पोरगी आमच्याकडं ऱ्हाईल. गोजा बघंल तिला."

विमलबाईंचा हात मांडीवरच थांबला. असं ठरलेलं नव्हतं. ठरलं होतं ते असं, की कस्तुरा चाकणला जाईल आणि पोर इथं, आजीजवळ राहील. गेल्या पंधरवड्यात सोपानराव दोनदा तसं म्हणाले होते. त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते शेंगेतला दाणा कुजका आहे का ते उजेडाकडे धरून बघत होते.

"कस्तुराला सांगितलंय हे?" पद्मा म्हणाली.

"लगनाचं इचारलं म्या. 'तुमी म्हणाल तसं' म्हणली."

"मुलीचं विचारलंत?"

"त्यात इचारायचं काय? येळ आली की कळंल." अर्जुनरावांनी घड्याळ बघितलं. "हे बघा. कोपऱ्यावर रिक्षा थांबवून ठिवलीया. चारला पाव्हणं आलं की कस्तुराला भाईर बोलवायचं. पोर झोपलेली आसंल. इमलनं मागल्या दारानं उचलून न्यायची आन् गोजाच्या मांडीवर द्यायची. जागी व्हायच्या आत घरी. ना रडणं ना वरडणं. आबा काय म्हणायचे? वासरू तोडायचं तर ते झोपल्यावर तोडावं."

आबा म्हणजे कोंडाजी, विमलबाईंचे सासरे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण घरात काही तोडायचं किंवा जोडायचं झालं की त्यांचाच शब्द बाहेर निघे. कस्तुरा अकरा महिन्यांची असताना तिला गोजाबाईच्या ओटीत घालायचं, हे त्यांनीच ठरवलं होतं. थोरलीला आठ वर्षं मूल नव्हतं आणि धाकटीला दोन होती, असा साधा हिशेब त्यांनी मांडला. पुढं साडेतीन वर्षांनी गोजाबाईला दिवस गेले, तेव्हा पोर परत न्यायची हेही त्यांनीच सांगितलं. दुसरीचं मूल मांडीवर असलं तर पोटातलं रुसून बसतं, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं म्हणे. ते साल बासष्ट. सर्व्हेवाले जमीन मोजायच्या साखळ्या घेऊन वस्तीवर फिरत होते, आणि त्याच उन्हाळ्यात एका दुपारी विमलबाईंनी आपल्या पोटची पोर, जी त्यांना काकी म्हणत होती, झोपेत उचलून आणली.

ते ओझं अजून त्यांच्या उजव्या खांद्याला आठवत होतं. मानेवर पोरीचा घाम. आकुर्डीहून चिंचवडगावात यायचं तर मध्ये रेल्वेचं फाटक. ते बंद होतं आणि मालगाडी संपता संपत नव्हती. जागी होऊ नये म्हणून विमलबाईंनी तिच्या कानावर हात ठेवला होता. ती झाली नाही. घरी आल्यावर तासाभरानं डोळे उघडले, आढ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, उठून बसली आणि पाणी मागितलं. कुठं आहे विचारलं नाही. रडली नाही. विमलबाईंनी दुसऱ्या दिवशी विहिरीवर कौतुकानं सांगितलं, पोर भारी समजूतदार निघाली. दृष्ट लागू नये म्हणून बायकांनी कडाकडा बोटं मोडली.

ती समजूतदार पोर मग रोज उतरत्या उन्हाला उंबऱ्यावर जाऊन बसू लागली. दिवेलागणीला आपणहून आत यायची. पाऊसकाळ लागला तरी बसायची. ते मात्र विहिरीवर सांगितलं नव्हतं.

"तात्या, मी एक बोलू का?" पद्मा म्हणाली.

"आता मास्तरीण बोलणार," अर्जुनराव मुकुंदाला म्हणाले. "खडू दे बाबा तिच्या हातात."

पद्मा पिंपरीच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. ती रागावली की आवाज चढत नसे, उलट शब्द सुटे सुटे व्हायचे. "दरवर्षी मुलांना काचेच्या ग्लासात टीपकागद घालून वाल रुजवायला सांगते. मूळ फुटलं की ग्लास आडवा करायचा. दोन दिवसांत मूळ वळतं, खाली जातं. मग ग्लास सरळ केला तर ते पुन्हा वळतं. पण आधीचा बाक जात नाही. रोप चांगलं वाढतं. शेंगाही धरेल. बाक तिथंच राहतो."

"पोरगी म्हंजी वाल हाय व्हय?" अर्जुनराव हसले. सोपानरावही हसले, मग पद्माकडे बघून थांबले.

"तुमच्या समोरच आहे की उदाहरण. कस्तुराला झोपेतच आणलं होतं ना?"

"मग? काय वाईट झालं तिचं? आख्ख्या चिंचवडात अशी पोरगी दावा. कधी हट्ट न्हाई, कधी उलटं बोलणं न्हाई. नवरा गेला तवा बी हंबरडा फोडला न्हाई तिनं. पोटात ठिवलं."

"नवरा गेला त्या दिवशी तिनं भांडी घासली," पद्मा म्हणाली. "सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा. मी शेजारी उभी होते. सहा वर्षं झाली मला या घरात येऊन. तिनं दुसऱ्यांदा भाजी मागितलेली मी पाहिली नाही. बसायला सांगितल्याशिवाय बसत नाही. आणि तात्या, तुमच्या लक्षात आलंय का, ती सासूबाईंनाही आई म्हणत नाही आणि गोजाकाकींनाही. दोघींना हाकच मारत नाही. जवळ येऊन उभी राहते, कुणी बघेपर्यंत."

 सुपात एक शेंग फुटली.

विमलबाईंना वाटलं, सुनेनं भर सोप्यात आपलं लुगडं फेडलं. हे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेलं दुसऱ्याच्या तोंडून, तेही इतक्या स्वच्छ भाषेत ऐकणं वेगळं होतं.

"पद्मे, चहा दे सगळ्यांना," मुकुंद म्हणाला.

"तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"मी काय म्हणणार?" त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "दोन खोल्यांचं घर. श्रावणात आपल्याला मूल होईल. तिलाही एकदा स्वतःचं घर झालं तर बरंच की. मी वाईट म्हणतोय का?"

पद्मानं पातेलं खाली ठेवलं. ठेवलं एवढंच, आपटलं नाही. "म्हणजे खोली पाहिजे. तसं म्हणा ना सरळ."

"आत्ता कसं!" अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली. "घरातला पोरगा बोलला. इमल, पावणेचार झाले. ऊठ तू. पोरीचं दोन फ्राक काढून ठेव."

विमलबाई उठल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा दिरानं सांगितलेल्या कामाला त्या उठल्या नाहीत, आणि हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "भावजी," त्या म्हणाल्या, "पोर माझ्यापाशी ऱ्हाईल."

"तुज्यापाशी?"

"आजी हाय मी तिची. चौदा महिने मीच करतीया तिचं. कस्तुराला जायाचं तर जाऊ द्या. मी आडवत न्हाई. पण पोर ह्या घरातनं हलायची न्हाई."

पद्मा चटकन त्यांच्याकडे वळली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आशा दिसली होती. शेवटचं वाक्य ऐकताना ती विझली. पोर आईजवळ राहावी असं सासूला वाटत नव्हतं. जावेकडे जायला नको होती, इतकंच.

आतापर्यंत गोजाबाई खांबाला टेकून गप्प बसल्या होत्या. आता त्यांनी पाठ सरळ केली. "विमल, एकदा नेलीस ना? पोट भरलं न्हाई तुझं?"

"अक्का, माझीच व्हती ती."

"तुझीच व्हती. मग ओटीत कशाला घातलीस? वापरायला?" त्यांचा आवाज जाड झाला. "साडेतीन वर्सं माझ्या कुशीत झोपली. बोबडं बोलायची तवापास्नं मला आई म्हणत व्हती. आन् मी इळा घेऊन रानात गेले तवा तू मागल्या दारानं घुसलीस."

"आबांनी सांगितलं व्हतं."

"नेताना आबांनी सांगितलं. नंतर कुणी सांगितलं व्हतं? सांग की. सगळ्यांच्या म्होरं सांग." गोजाबाईंनी खांबाचा आधार घेतला आणि उभ्या राहिल्या. "माझं बारा दिसांचं गेलं. महिन्याभरात मी आले हितं. भर पावसात. दूध यायचं थांबत न्हवतं, चोळी भिजत व्हती. म्या म्हणलं, विमल, पोर दिऊ नको, पन नजरंला पडू दे. काय म्हणलीस तू?"

विमलबाईंनी मान खाली घातली.

"म्हणलीस, ती तुला इसरली. नाव बी काढत न्हाई. म्हणलीस, तुझी सावली नको तिच्यावर. आन् दार लावलंस."

"गोजा, बस खाली," अर्जुनराव म्हणाले. हे त्यांनाही माहीत नव्हतं. "मागलं उकरून—"

"न्हाई बसत. एवढी वर्सं माझ्या पोरीला ठिवलीस ना तुझ्याकडं? आता तिची पोर मला दे. फिटंल."

"अक्का, काय बी बोलू नका—"

"चहा गार झाला आसंल, वैनी."

आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि कस्तुरा चौकटीत उभी होती. केस नीट होते, साडीला चुणी नव्हती. किती वेळ उभी होती ते कुणालाच कळलं नाही. तिच्यामागं, गोधडीवर मृदुलाचे तळपाय तेवढे दिसत होते.

"झोपली न्हाईस व्हय?" सोपानरावांनी विचारलं.

"न्हाई."

"आगं, हे आपलं बायकांचं—" अर्जुनराव म्हणाले. "तू तोंड धू. पाव्हणं येतील."

कस्तुरा बाहेर आली नाही. गोजाबाई दोन पावलं तिच्याकडे गेल्या आणि थांबल्या. "ऐकलंस ना तू? आले व्हते गं मी. तुला वाटत आसंल, मी टाकली. मी टाकली न्हाई. हिनं मला दारातनं—"

"ठाऊक हाय मला."

सोप्यातल्या सगळ्यांना ते तीन शब्द नीट ऐकू आले.

"काय ठाऊक हाय?" विमलबाईंनी विचारलं.

"तुमी मला गोठ्यात नेऊन बसवलं. म्हणलात, गाईला वासरू व्हणारे, इथंच थांब, बोलू नको. गाय गाभण न्हवती." कस्तुरा हे सगळं एका सुरात सांगत होती, कंपनीत पेट्यांवरचे आकडे वाचून दाखवावेत तसं. "मधी कुडाची भिंत. मला खोकला ऐकू आला ह्यांचा. खोकल्यावरनं ओळखलं मी. मग सगळं बोलणं ऐकलं. सावली नको म्हणालात ते बी."

"मग हाक का न्हाई मारलीस?" गोजाबाई ओरडल्या. "एक हाक! एक हाक मारली आसतीस तर म्या दार मोडून आत आले आसते!"

कस्तुरानं त्यांच्याकडे बघितलं. "मला वाटलं, पायजे आसंल तर येतील आत. मी वाट बघत व्हते. मग चपलांचा आवाज गेला. एकीनं दार लावलं. दुसरीनं ढकललं न्हाई. पाच वर्सांची बी न्हवते मी. तेवढं कळलं मला."

"आगं, मग उंबऱ्यावर का बसायचीस रोज?" विमलबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मला वाटायचं, तू हिचीच—"

"ते आधी. त्या दिवसानंतर मी कुणाची वाट बघत न्हवते. आतनं बघण्यापरीस भाईर बरं वाटायचं, म्हणून बसायचे."

विमलबाईंना सगळा पाऊसकाळ आठवला. भिजत्या उंबऱ्यावरची ती पाठमोरी पोर, आणि तिला आत ओढून घ्यावं की न घ्यावं या विचारात चुलीशी बसून राहिलेल्या आपण. पोर जावेची वाट बघते या मत्सरानं त्या एकदाही तिच्या शेजारी जाऊन बसल्या नव्हत्या. आणि पोर कुणाचीच वाट बघत नव्हती. शेजारची जागा रिकामी होती. जाऊन बसायचं, एवढंच करायचं होतं.

"एकोणीस वर्सं," मुकुंद हळू म्हणाला. "बोललीस का नाहीस कधी?"

"कुणी इचारलं न्हाई."

अर्जुनरावांनी घसा साफ केला. त्यांना समोर काय घडलं ते पुरतं कळलं नव्हतं, पण घड्याळ कळत होतं. "बरं, झालं गेलं. म्हातारी माणसं हायती, चुका व्हत्यात. आता म्होरचं बघू. पोरगी आमच्याकडं नको तर हितं ऱ्हाऊ दे, इमलकडं. मी मागं घेतो. सोपाना, बोल की तू तरी."

"व्हय, व्हय," सोपानराव म्हणाले. "तसं बी चालंल."

"न्हाई चालायचं!" गोजाबाई म्हणाल्या. "हिच्याकडं? आजून?"

"तुमच्याकडं तर न्हाईच न्हाई," विमलबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना ऐकू आलं की आपण दोघी पुन्हा तेच करतो आहोत. मधे उभी असलेली त्यांना दिसत होती, तरी थांबता येत नव्हतं.

बाहेर गल्लीत मोटार थांबल्याचा आवाज आला. दोन दारं उघडून मिटली. कुणीतरी अर्जुनरावांचं घर विचारत होतं आणि कुणीतरी "त्यांचं नव्हं, त्येंच्या भावाचं, हे काय, कडुलिंबापाशी," असं सांगत होतं.

"आले," अर्जुनराव उठले. सदरा ओढून सारखा केला. "कस्तुरा, तुला शप्पत हाय, पाव्हण्यांम्होरं आब ठेव. नुसती व्हय म्हण. बाकी मी बघतो. बोल, व्हय ना?"

त्यांना खात्री होती. विमलबाईंनाही होती. जन्मभर ही मुलगी 'तुमी म्हणाल तसं' म्हणत आली होती आणि सगळ्यांनी तिच्या त्या वाक्यावर घर बांधलं होतं. पद्मा मात्र काही न बोलता दारातून बाजूला झाली होती, कस्तुराला वाट मिळावी अशी.

विमलबाईंना तेव्हा कळलं, की सुनेला काहीतरी आधीपासून ठाऊक आहे.

"म्या पंधरा दिवसांमागंच खोली बघितलीया," कस्तुरा म्हणाली. "वैनींनी दावली. संत तुकाराम नगरात, तळमजल्याला. कंपनीत पाळणाघर हाय, दिवसपाळी मागून घेतली. उद्यापास्नं मिळंल."

"आगं पन—"

"सांगायला जमत न्हवतं. रोज ठरवायचे आज सांगू. तोंडच उघडायचं न्हाई." पहिल्यांदाच तिचा आवाज किंचित हलला. "आज तुमी झोपेत उचलायचं ठरवलं, ते ऐकलं."

दारावर थाप पडली. कुणी दार उघडायला गेलं नाही.

विमलबाई उठल्या. लेकीजवळ गेल्या, हात लावावा असं वाटलं आणि कुठं लावावा ते सुचलं नाही. "मी येऊ का संगं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. जावेला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "पोरीला बघायला कुणीतरी लागंल. मी काई बोलनार न्हाई. कोपऱ्यात पडून ऱ्हाईन."

कस्तुरानं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं, एखादी ओळखीची पण नाव न आठवणारी बाई रस्त्यात भेटावी तसं.

"न्हाई," ती म्हणाली. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दाराबाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी चाकणला जात न्हाई. माझी पोर कुणाच्या मांडीवर जात न्हाई. तिची झोप पुरी व्हऊ द्या. उठली की तिला कुठं जायाचं ते सांगंन, तिच्या पायात चपला घालीन, आन् हात धरून फुडच्या दारानं घिऊन जाईन."